बेचाळीस जणांची संमती

पुढे जे लिहिले आहे ते माझ्या पत्नीला शेवटपर्यंत माहीत नव्हते. मुलीला आजही माहीत नाही — ती हे वाचेल ते तुमच्याबरोबरच, छापून आल्यावर. बहरीनमधल्या मराठी माणसांना मी आजवर जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सांगितली आहे, त्यांची ऐकण्याची इच्छा असो वा नसो. ही एक तेवढी सांगितली नाही.

येत्या महिन्यात माझ्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे. त्यानिमित्त एक स्मरणिका निघते आहे. तिचा मजकूर समितीने मला आधीच तपासायला पाठवला, कारण छापून आल्यावर मी चारचौघांत चुका काढतो, याची त्यांना धास्ती आहे. धास्ती योग्यच आहे. चुका पुष्कळ निघाल्या. वेलांट्या, अनुस्वार, माझ्या गावाचे नाव — सगळे दुरुस्त केले. मग मी दत्तारामाच्या पानाशी आलो, आणि पेन खाली ठेवले.

दत्ताराम गावडे हा कुडाळकडचा. आमच्या कंपनीच्या सर्वेक्षणाच्या कामावर एकोणीस वर्षे तो माझ्या टेपचे दुसरे टोक धरून उभा होता. मी दुर्बिणीशी, तो समोर काठी घेऊन — मधे दोनशे फुटांची वाळू, आणि बोलणे सगळे हातवाऱ्यांचे. आता तो गावी असतो. समितीतल्या एका मुलीने त्याच्याकडून फोनवर आठवण मागवली आणि तो जसे बोलला तसे उतरवून घेतले. त्यात माझ्याबद्दल एक वाक्य आहे: “तात्यांनी आमका इचारल्याशिवाय कधी एक पाऊल टाकूक नाय.”

हे खरे नाही. एवढेच सांगायला मी बसलो आहे. पण एवढे सांगायला मला इतकी वर्षे लागली. तेव्हा चार पाने लागली तर तुम्ही समजून घ्याल.

आधी इतरांचे हिशेब चुकते करतो — ती माझी सवय आहे, आणि या वयात ती सुटणार नाही. आमच्या कामगारांचा कॅम्प हलवला गेला, त्या प्रकरणाबद्दल इथे तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली स्मरणिकेतच आहे: तात्यांनी मॅनेजरशी भांडून कामगारांना बुदैयाच्या पडक्या कॅम्पातून काढले आणि वातानुकूलित खोल्या मिळवून दिल्या. खोटे. कॅम्प पडका नव्हता, आणि मी कोणाशीही भांडलो नाही. दुसरी गोष्ट माझे विरोधक दबक्या आवाजात सांगतात: कंपनीने तात्यांना विकत घेतले. हेही खोटे. मला कोणी विकत घेतले नाही. मला विकत घेण्याची कोणाला गरजच पडली नाही — थांबा, त्याच्याकडे येतो. तिसरी गोष्ट सर्वांत लोकप्रिय आहे: तात्या अमेरिकेचा इतिहास वाचून वाचून नास्तिक झाले, म्हणून गणपतीत गाऱ्हाणे घालायला उभे राहत नाहीत. ही तर मीच पसरू दिली.

ज्यांना गाऱ्हाणे माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या तळकोकणात देवापुढे सर्वांच्या वतीने एकच माणूस बोलतो. जमलेल्यांची सुखदुःखे, मागणी, रक्षणाची विनवणी — सारे तो एका सुरात मांडतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकीचे एका आवाजात म्हणतात, “व्हय महाराजा!” त्या वेळी वाक्याचा अर्थ कोणी तपासत नाही. तपासायचा नसतो. बोलणारा आपला आहे, तो आपले वाईट मागणार नाही, हे गृहीत असते. ते गृहीत धरता येणे हेच त्या प्रथेचे सौंदर्य आहे. आणि तिथेच —

नाही, आधी कॅम्प.

बुदैयाच्या रस्त्याला आज जिथे भिंतीआड बंगले आहेत, तिथे खजुरांच्या बागा होत्या आणि त्यांच्या कडेला आमचा कॅम्प. तीन बाजूंनी खोल्या, मधे अंगण. मला सोडून बेचाळीस माणसे, बहुतेक कुडाळ, कणकवली, मालवणची. गवंडी, ड्रायव्हर, आमच्यासारखे सर्व्हेवाले. बागेच्या पाटाचे पाणी कुंपणापाशी पाझरायचे आणि तिथे दत्तारामाने अळू लावले होते. बहरीनमध्ये अळू! संध्याकाळी वारा समुद्राकडून यायचा. पायी दहा मिनिटांवर किनारा होता. कोणी ना कोणी मासे घेऊन यायचा, आणि मग मसाला कोणाच्या घरचा चांगला यावर भांडण जुंपायचे. तो स्वर्ग होता असे मी म्हणत नाही. खोल्यांत उकडायचे, एका नळावर रांग लागायची. पण तिथे माणसे आपण होऊन हसत असत, हे मला आठवते.

दत्तारामाचा धाकटा भाऊ विश्राम शेजारच्या बागेत कामाला होता. त्याचा मालक वेगळा, त्यामुळे तो बागेतल्याच खोलीत राहायचा. पण जेवायला रोज आमच्याकडे. त्याला मधुमेह होता आणि डाव्या पायाला एक जखम, जी भरायची आणि पुन्हा उघडायची. दत्ताराम रोज संध्याकाळी अंगणात लाकडी पाटावर बसून ती धुवायचा, औषध लावायचा, पट्टी बांधायचा. “मेल्या, चपला घाल म्हणून सांगलेलंय ना? पाय काय कंपनीन दिल्यान तुका? दुसरो गावतलो नाय!” — हे रोजचे. विश्राम निमूट पाय पुढे करायचा आणि आमच्याकडे बघून डोळा मारायचा.

या माणसांचा मी पुढारी होतो. कोणी निवडले नव्हते. मी शिकलेला होतो, इंग्रजी बोलायचो, आणि गणपतीत गाऱ्हाणे घालायचो. एवढे पुरले.

आता तुम्हाला अमेरिकेला नेतो. हे विषयांतर नाही. माझ्यावर विश्वास ठेवा — किंवा नका ठेवू, पण वाचा.

शुक्रवारच्या आमच्या अभ्यासवर्गात मी अमेरिकन प्रजासत्ताकाच्या पहिल्या साठ वर्षांवर इतकी व्याख्याने दिली आहेत की लोक मला मागे ‘वॉशिंग्टनचे तलाठी’ म्हणतात. म्हणोत. लोकांच्या डोक्यात पश्चिमेकडच्या त्या विस्ताराचे एक चित्र असते: कापडी छताच्या गाड्या, धाडसी कुटुंबे, मोकळी माळराने. मी ते चित्र दरवर्षी फाडत आलो. जमीन मोकळी नव्हती, आणि गाड्या आधी गेल्या नाहीत. आधी गेली मोजणीची साखळी. सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. दूर राजधानीत बसलेल्या सरकारने ठरवले की देश सहा-सहा मैलांच्या चौकोनांत कापायचा; मग नदी असो, टेकडी असो, कोणाचे स्मशान असो. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही न पाहिलेली जमीन कागदावर विकली गेली. केंद्राची सत्ता तिथे बंदुकीआधी साखळीतून पोचली. माझ्या वडिलांची भातजमीन ज्या गुंठ्यांत मोजली जात असे, तो गुंठा म्हणजे त्याच साखळीच्या अर्ध्या लांबीचा चौरस. हे सांगितले की वर्गात नेहमी शांतता पसरते. मला ती शांतता फार आवडायची.

पण त्या सरकारला एक अडचण होती. त्याने अगदी सुरुवातीलाच कायद्यात लिहून ठेवले होते की मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीवाचून घेतली जाणार नाही. ध्यानात घ्या — संमतीवाचून. पुढे देश दुप्पट होईल एवढा मुलूख परक्या राजवटीकडून विकत घेताना, राज्यघटनेत तशी तरतूद आहे का, यावर तेव्हाच्या अध्यक्षाने मनाशी बराच काथ्याकूट केला आणि मग घेऊन टाकला. तो व्यवहार दोन सरकारांमधला होता. तिथे राहणाऱ्यांच्या संमतीची बाब मात्र कागदावर उरलीच. ती पुसता येईना. म्हणजे जमीन हवी होती, आणि संमतीही हवी होती. मग संमती तयार करण्यात आली.

चेरोकी या तिथल्या मूळ लोकांची हकीकत मी प्रत्येक व्याख्यानमालेच्या शेवटी सांगतो. घरे, शेते, स्वतःची लिपी, स्वतःचे वृत्तपत्र असलेला तो समाज. शेजारच्या राज्याने त्यांची जमीन मोजून, तुकडे पाडून, सोडत काढून वाटली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायालय म्हणाले, राज्याचा कायदा तिथे चालणार नाही, करार केंद्राशी आहे. आणि केंद्राने — ज्याची सत्ता एरवी नकाशावरच्या प्रत्येक रेषेला पुरत होती — हात हलवला नाही. उलट पश्चिमेला निघून जाण्याचा करार पुढे केला. बैठक बोलावली गेली. तिच्या सूचनेत असे होते की जे येणार नाहीत त्यांची संमती आहे असे धरले जाईल. हजारो लोक आले नाहीत. काही शे आले. एका घरात बसून वीसेक जणांनी सर्वांच्या वतीने सह्या केल्या. त्यातल्या एकालाही तो अधिकार नव्हता. हजारोंनी सह्यांचा निषेध पाठवला, आणि तरीही वरिष्ठ सभागृहात लागत होती त्याहून एका मताने जास्त मिळून तो करार कायदा झाला. दोन वर्षांनी सैनिक दारात आले.

त्या सह्या करणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षे जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत मी ते वापरले.

एका वर्षी जोगळेकर उठले. हे पुण्याचे, एका बँकेत लेखापाल. सभ्य, हळू बोलणारे, चष्मा पुसत पुसत मुद्दा मांडणारे. ते म्हणाले, “तात्या, मला वाटतं तुम्ही त्या माणसांवर अन्याय करता. त्यांना दिसत होतं की जमीन जाणारच आहे. मग निदान चांगल्या अटी पदरात पाडून घ्याव्यात, असा त्यांनी विचार केला असेल. त्यांनाही मुलंबाळं होती.”

मला त्या क्षणी काय झाले हे तेव्हा कोणाला कळले नाही. मी म्हणालो, “जोगळेकर, तुम्ही त्या घरात असता तर दौत घेऊन सर्वांत पुढे बसला असता.” सभागृह हसले. ते अजूनही हसते. हा टोला आजही माझ्या नावाने सांगितला जातो, स्मरणिकेतही तो आहे. जोगळेकरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे विचारले, “तुम्ही इतक्या खात्रीनं बोलताय, तात्या — जणू तिथं होतात.”

ते पुन्हा वर्गाला आले नाहीत. दोन वर्षांनी पुण्याला परत गेले. लोक म्हणतात, तात्यांनी जोगळेकरांना निरुत्तर केले. मी केले नाही. त्यांनी मला केले. मी तिथे होतो ना!

बुदैयातल्या आमच्या शेवटच्या गणपतीच्या आठवडाभर आधी मॅनेजरने मला बोलावले होते. इंग्रज माणूस, माझ्याहून तरुण, सरळ. त्याला खलनायक करणाऱ्यांना मी सांगतो: तो नव्हता. म्हणाला, बुदैयाच्या जागेचा मालक जागा परत मागतो आहे. दूर वाळवंटात, सखीरच्या पलीकडे, कंपनीची मोकळी जागा आहे, तिथे नवा कॅम्प बांधता येईल. एसी, मोठे स्वयंपाकघर, सगळे. पण माणसांच्या करारात राहण्याचे ठिकाण लिहिले आहे. तेव्हा त्यांची संमती पाहिजे. “तुमचं ते ऐकतात. एकेकाशी बोला. सात दिवस घ्या. नको म्हणाले तर मी इथेच आसपास दोन जुनी घरं बघून ठेवली आहेत. दाटी होईल, पण चालेल.”

हे वाक्य पुन्हा वाचा. आसपास दोन जुनी घरे. म्हणजे सखीरला जावेच लागणार होते असे नव्हते. जोगळेकरांच्या बिचाऱ्या करारवाल्यांना जी सबब होती, ती मला नव्हती.

आणि मग, उठता उठता, मी विचारले — मी, त्याने नाही — की रिफा गावात कंपनीचे जे कुटुंबासाठीचे क्वार्टर रिकामे होते आहे, त्यासाठी माझे नाव घेता येईल का. सहा वर्षे मी पत्नीवाचून राहत होतो. मुलगी पाच वर्षांची झाली होती आणि फोनवर मला ‘अहो काका’ म्हणाली होती. मॅनेजर म्हणाला, “अर्ज द्या. हे कॅम्पचं काम एकदा मार्गी लागू दे, मग बघू.” त्यात सौदा नव्हता. तो फक्त आधी एक काम आणि मग दुसरे, एवढेच म्हणत होता. सौदा मी केला, एकट्याने, जिना उतरताना.

सात दिवस. पहिल्या दिवशी ठरवले, जेवणानंतर बोलू. जेवणात मोरी माशाचे कालवण होते, सगळे खुशीत होते. उगाच कशाला, म्हटले. दुसऱ्या दिवशी काम फार होते. तिसऱ्या दिवशी मी अंगणात बसलो असताना दत्ताराम विश्रामचा पाय धूत होता, आणि मला स्वच्छ दिसले की हा नाही म्हणणार. आणि हा नाही म्हणाला की पंचवीस जण नाही म्हणणार. मग ते ‘नाही’ घेऊन मला वर जावे लागणार. मी त्या माणसांचा आवाज आहे असे सगळे म्हणत होते. पण तो आवाज फक्त ‘हो’ म्हणण्यासाठीच वर न्यायचा, हे मला कधी उमगले? बहुधा त्याच संध्याकाळी.

सातव्या दिवशी गणपती आले. मूर्ती एकाने कुडाळहून मांडीवर ठेवून, विमानातून आणली होती. आरती झाली आणि मी गाऱ्हाणे घालायला उभा राहिलो.

“बा देवा महाराजा! आज ह्या परमुलखात तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली असत, त्यांची सेवा मान्य करून घे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“कोणाच्या घराक, गुरांक, पोराबाळांक काय दुखलाखुपला आसात, तर ता दूर कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“आणि कंपनीन आमका खयंव न्हेल्यान, तरी थय आमचा बरां कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

बेचाळीस तोंडांतून. विश्राम धरून त्रेचाळीस.

कंपनीने कुठेही नेले तरी — ते वाक्य आधी योजले होते का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता खरे उत्तर त्याखाली गाडले गेले. पण हातात नारळ होता आणि आवाज किंचित कापला, एवढे आठवते. उत्स्फूर्त शब्दाला आवाज कापत नाही.

आणि मला एक संधी मिळाली. हे सर्वांत वाईट आहे, म्हणून टाळत होतो. प्रसाद वाटताना दत्तारामाने मोठ्याने विचारले, “तात्यानू, कंपनी आमका खय न्हेतली ओ? अमेरिकेक?” सगळे हसले. कोणी म्हणाले, “दत्तारामाक न्हेत नाय, अळवाक न्हेतत!” पुन्हा हशा. सगळे समोर होते. सगळे खुशीत होते. मी तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर —

मी हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या कागदावर मी इंग्रजीत लिहून दिले: बेचाळीसही जणांशी बोललो, सर्व सहमत आहेत. खाली सही केली. तो उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, एकमत झाले, कमालच आहे. आणि मनात मी म्हणत होतो — हे लिहिताना मान खाली जाते, पण म्हणत होतो — की सगळे ‘व्हय’ म्हणाले ना? देवासमोर म्हणाले.

सूचना फळ्यावर लागली तेव्हा दत्ताराम माझ्याकडे आला. एकटाच आला. रागावला नव्हता. विचारले, “तात्यानू, ह्यां ठरवताना तुमका कोणी इचारल्यान काय?”

मी म्हणालो, “नाही रे. वरून हुकूम आला.”

तो म्हणाला, “आमका ऱ्हवांदे. निदान तुमका तरी इचारूक व्हया होता.”

माझ्या वतीने त्याला वाईट वाटले होते.

एका शुक्रवारी सकाळी दोन बसेस आल्या. ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता. दत्तारामाने अळवाचे कंद मातीसकट रंगाच्या रिकाम्या डब्यांत भरले आणि मांडीवर घेतले. विश्राम बागेच्या फाटकाशी उभा होता. सखीर तेव्हा आजच्यासारखे नव्हते. आता तिथे शर्यती होतात, विद्यापीठ आहे. त्या वेळी आमच्या कॅम्पाभोवती वाळू होती आणि तेलाच्या नळ्या. एसी होते, ते खरे आहे. अळू पहिल्या उन्हाळ्यात जळाले. खोल्या रांगेत होत्या, मधे अंगण नव्हते. पुढच्या वर्षी गणपतीला मी नव्हतो. मी रिफात, पत्नी आणि मुलीसह. गाऱ्हाणे कोणी घालायचे यावर त्यांचे जमले नाही, आणि ते घातलेच गेले नाही. मला निरोप आला होता. मी ताप आहे म्हणून कळवले.

दोघा भावांची भेट आता पंधरा दिवसांतून एकदा, शुक्रवारी, बस मिळाली तर. मधले चौदा दिवस जखम विश्रामने स्वतः धुवायची होती. त्याला वाकताना नीट दिसत नसे. नऊ महिन्यांत आधी दोन बोटे गेली, मग गुडघ्याखाली पाय. बागेच्या मालकाने त्याला तिकीट काढून गावी पाठवले. डॉक्टरांचे म्हणणे असे की साखर फार वाढली होती. पाय कदाचित तसाही गेला असता. या ‘कदाचित’वर मी कितीतरी वर्षे काढली. आता तो शब्द मी वापरणार नाही. दत्ताराम पाच मिनिटांवर असता तर रोज संध्याकाळी कोणीतरी तो पाय पाहिला असता. एवढे मला नक्की माहीत आहे. पुढचे कोणालाच माहीत नाही.

पुढच्या वर्षी एक अमेरिकन अभियंता देश सोडून चालला होता. त्याने पुस्तकांचे खोके माझ्या दारात ठेवले. चाळता चाळता मी त्या बैठकीच्या पानाशी आलो: जे येणार नाहीत त्यांची संमती आहे असे धरले जाईल. मी पुस्तक मिटले. मग उघडले. त्यानंतर तो सगळा कालखंड मी मुळापासून वाचला — साखळी, चौकोन, न्यायालये, करार. लोक म्हणतात, तात्यांची ज्ञानलालसा. नव्हे. त्या एका पानाभोवती मी तटबंदी बांधत होतो. दुसऱ्यांच्या सह्यांवर जितक्या जोराने बोलेन, तितकी माझी सही कोणाच्या नजरेस पडणार नाही, अशी माझी कल्पना असावी. आणि ती खरी ठरली. इतकी, की माझा सत्कार होतो आहे.

माझी मुलगी रिफात वाढली, इथेच शिकली, आज इथेच एका बँकेत मोठ्या पदावर आहे. नातीला मराठी कळते, ती उत्तर इंग्रजीत देते. हे घर, ही माणसे त्या कागदातून आली. ते सगळे नसते तर बरे झाले असते असे मला म्हणवत नाही. म्हटले तर ती आणखी एक लबाडी होईल.

समितीला कळवले आहे: माझ्यावरचा लेख काढून टाका, त्या जागी ही पाने घ्या. जोगळेकरांवरचा टोला मी खोडला आहे. तो छापायचाच असेल तर दौत कोणाची होती तेही छापा. दत्तारामाचे पान मात्र तसेच राहू द्या. त्यातल्या चुकीला मी लाल पेन लावलेले नाही. ती चूक त्याची नाही.

स्मरणिकेची प्रत कुडाळला जाईल. दत्तारामाला आता वाचायला दिसत नाही. सून वाचून दाखवते. विश्रामही त्याच घरात असतो. दोघे ओटीवर बसून ऐकतील. हे गाऱ्हाणे नाही. याच्या शेवटी कोणी काही म्हणायचे नाही.

जे विचारायला हवे होते ते इतकेच होते: दत्ताराम, कंपनी आपल्याला इथून सखीरच्या पलीकडे न्यायचे म्हणते आहे. नको असेल तर इथेच दोन घरे मिळतील. तुझे काय म्हणणे आहे?

तो पाटावर बसला होता, भावाचा पाय हातात घेऊन. मी चार पावलांवर होतो. मी विचारले नाही.